पिवळ्या पदराची बाई

त्या कार्टूनच्या मालिकेचा मला मनापासून राग यायचा, आणि तरी मी तिचा एकही रविवार चुकवला नाही. आमच्या कोष्ट्यांच्या गल्लीत टीव्ही एकच होता, पोस्टात कामाला असलेल्या काकांकडे, तोही काळापांढरा. सगळी पोरं त्यांच्या बैठकीत जमिनीवर दाटीवाटीने बसायची. पडद्यावर पँटवर चड्डी घातलेला एक पहिलवान आभाळातून यायचा, इमारती उचलायचा, इंग्रजीत काहीतरी गरजायचा. आम्हाला त्यातलं अक्षर कळत नसे. एवढंच कळायचं की मारामारी तो करणार आणि बाई किंचाळणार.

मालिका संपली की गल्लीत तोच खेळ. पहिलवान व्हायला पोरांची भांडणं, आणि किंचाळायला मी. मला सुतळीने विजेच्या खांबाला बांधायचे. एकदा तर मला सोडवणारा पहिलवान भूक लागली म्हणून घरी जेवायला निघून गेला. बाकीचेही पांगले. नळावर निघालेल्या मायने मला पाहिलं आणि गाठ सोडली.

"तू बांधून काहून घेते वं?" तिने विचारलं.

"ते मले दुसरं काही बनूच देत नाही."

माय घागर घेऊन नळाकडे गेली. मी मात्र दिवसभर धुसफुसत होते.

मग एका रविवारी नवलच झालं. पहिलवान स्वतःच साखळदंडात अडकला, आणि खिडकी फोडून एक बाई आत आली. डोळ्यांवर मुखवटा, कोपरापर्यंत हातमोजे, पाठीवर लांबलचक कापड फडफडतंय. यापूर्वी ती कधीच आली नव्हती. तिने साखळ्या तोडल्या, पहिलवानाला काखोटीला मारलं आणि उडाली. पोरं गप्पगार. मी उभी राहून एवढ्या जोरात ओरडले की काकूंनी मला फ्रॉक धरून खाली बसवलं.

घरी येऊन मी जाहीर केलं, "तान्ह्या पोळ्याले मी हीच बनणार."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे नागपुरात पोरं चाकांचे लाकडी बैल सजवून चौकात नेतात आणि स्वतःही सोंगं घेतात. चांगल्या सोंगाला बक्षीस असतं. मुलींना कोणी येऊ नको म्हणत नसे. पण मुलगी म्हटली की राधा, नाहीतर भारतमाता. दरवर्षी तेच. पोरांनी वाघ व्हावं, शिपाई व्हावं, आणि आम्ही डोक्यावर मडकं घेऊन लाजावं. मला आजही त्या मडक्यांचा संताप येतो.

बाबा घरच्या मागावर लुगडी विणायचे आणि माय त्यांना सुताच्या कांड्या भरून द्यायची. तिला टीव्ही बघायला कधी फुरसत नसे. पुढच्या रविवारी मात्र ती काकांच्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली. त्या बाईला तिने डोळे बारीक करून पाहिलं.

"चांगली हाय," ती म्हणाली. "पण हिच्या पदराचा रंग कोणता हाय?"

पाठीवरच्या त्या कापडाला ती पदरच म्हणायची. रंग कोणालाच ठाऊक नव्हता. काळ्यापांढऱ्या टीव्हीत कसला रंग! मायने घरी येऊन बाबांशी खल केला. मागचा ढग पांढरा होता आणि पदर त्याहून जरासा मळका, म्हणजे पांढरा नाही. लाल असता तर काळा दिसला असता.

"पिवळाच हाय तो," माय म्हणाली.

"पिवळा लय उठून दिसन," बाबांनी मान डोलावली, आणि मागावरचं उरलेलं कोरं कापड स्वतः काढून दिलं. मायने डब्यात रंग उकळून ते हळदीसारखं पिवळंधमक रंगवलं. लुगड्याच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा मुखवटा झाला, तोही पिवळा. हातमोजेही पिवळे.

आता नागपुरात तान्ह्या पोळ्याच्या सकाळी काय असतं? मारबत असते. काळी आणि पिवळी अशा दोन भल्यामोठ्या बाहुल्या वाजतगाजत गावाबाहेर नेऊन जाळतात, म्हणजे रोगराई त्यांच्याबरोबर जाते. त्या सकाळी मी बाबांच्या खांद्यावर बसून "घेऊन जा गे मारबत!" असं घसा फाटेस्तोवर ओरडून आले होते. तरी आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. आम्हाला फक्त टीव्हीतली बाई दिसत होती.

संध्याकाळी मी बैल ओढत, पदर उडवत चौकात गेले. बक्षीस द्यायला गांधीबागेच्या कापडबाजारातले एक शेठ खुर्चीवर बसले होते. बाबांची लुगडी तेच विकत घ्यायचे. रांगेत दोन राधा आणि एक भारतमाता, आणि मग मी.

"ये क्या है?" शेठनी विचारलं.

मी छाती काढून सांगितलं. टीव्हीतली नवी बाई. साखळ्या तोडते ती.

"अरे, हमारे घर कलर टीवी है. उसका ड्रेस तो आसमानी है!" शेठनी मला खालून वर न्याहाळलं. "ये तो पीली मारबत है!"

आणि ते हसले. पोट हलवत हसले. पोरांना तेवढंच हवं होतं. एकाने सुरुवात केली आणि सगळा चौक माझ्याकडे हात करून ओरडायला लागला, "घेऊन जा गे मारबत!" मी बाबांना शोधलं. ते शेठच्या खुर्चीमागे हात जोडून उभे होते आणि हसत होते. दात दिसेपर्यंत हसत होते.

बक्षीस एका राधेला मिळालं. मी रडले नाही. बैल ओढत घरी आले, पदर भिरकावला आणि भिंतीकडे तोंड करून बसले. माय बायकांच्या घोळक्यात होती, तिनेही सगळं पाहिलं होतं. ती बाबांशी एक शब्द बोलली नाही. वाढलं, भांडी घासली, कांड्या भरल्या, सगळं मुक्याने.

रविवारी तिने माझा हात धरला आणि मला थेट शेठच्या घरी नेलं. "टीव्ही पाहाले आलो," तिने शेठाणीला सांगितलं. शेठाणी भली होती, तिने सतरंजी दाखवली. माय सतरंजीवर सगळ्यांच्या पुढे जाऊन बसली. शेठ मागे सोफ्यावर होते.

ती बाई आली. पदर आकाशीच होता.

मला वाटलं, आता जमीन फाटावी. मायने मात्र शेवटपर्यंत पाहिलं, मग उठून मोठ्याने म्हणाली, "आकाशीच हाय. आभाळात उडते अन् आभाळाच्याच रंगाचं घालते, दिसन कशी? पिवळाच पाहिजे होता."

आम्ही चपला घातल्या.

घरी बाबा मागावर होते. माय त्यांच्यासमोर उभी राहिली. "रंग माहा चुकला, मान्य हाय. पण तुम्ही हसले काहून?"

बाबांनी माग थांबवला, सुताचा धोटा हातातच धरून ठेवला. "शेठ हसून राहिले होते वं," ते म्हणाले.

माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. शेठ हसले म्हणून! दुसरं कारणच नव्हतं. मी कोपऱ्यातला पिवळा पदर उचलला आणि खेळायला निघाले. आता मला खांबाला बांधून दाखवाच, असं मनात म्हणत होते. पण गळ्याशी गाठ मला एकटीला नीट मारता येईना. बाबा मागावरून उठले आणि बांधून द्यायला त्यांनी हात पुढे केले.

मी मागे सरकले. गाठ मायने बांधली.