थोरल्याकडचा चहा

संत्रं सोलल्याचा वास आला की मला चांदूर बाजारजवळची ती तापलेली ओसरी आठवते. दोन चुलतभावांच्या संत्र्याच्या बागा एकाच विहिरीवर होत्या आणि पाण्याच्या पाळीवरून दोघांचं बोलणं बंद होतं. त्या उन्हाळ्यात विहिरीने तळ गाठला, तेव्हा समेट घडवायला तंटे मिटवणाऱ्या आमच्या संस्थेने मला पाठवलं. माझं ते पहिलंच काम. बसथांब्यापासून उन्हात चालत आले, वाटेत थोरल्याचं घर लागलं, त्याच्या बायकोने कप पुढे केला आणि मी दारातच चहा पिऊन टाकला. मग शेजाऱ्याच्या ओसरीत बैठक बसली. मी तोंड उघडायच्या आत धाकटा म्हणाला, "बाई, तुमी त्यायच्या घरचा चहा घेऊन आल्या. आता आमी तुमचं काहून आयकावं?" मी म्हटलं, तुमच्याकडेही घेते. "आमच्याकडे आता नाई होत," म्हणून त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. उठले असते तर बैठक मोडली असती, आणि बसून होते तोवर मी थोरल्याचंच माणूस ठरत होते. वर टिनपत्रा तडतडत होता. कोपऱ्यात कुणीतरी संत्रं सोललं, पण मला कुणी फोड दिली नाही आणि मागायची माझी हिंमत झाली नाही. दुपारची बस गेली, मग संध्याकाळचीही, पण पाळी काही ठरली नाही. धाकट्याची बाग त्याच उन्हाळ्यात वाळली. आता मी परदेशात, हत्यारं बाजूला ठेवून बोलणी करायला आलेल्या दोन्ही बाजूंच्या माणसांच्या मधे बसते आणि पिशवीतल्या बाटलीतलंच पाणी पिते. सोबतचे समजतात, मी पोटाला जपते.