प्रश्न उद्भवत नाही

विधिमंडळात प्रश्न कसा विचारतात, हे मतदारांना सहसा माहीत नसते. निवडून येईपर्यंत मलाही नीट माहीत नव्हते. तारांकित प्रश्न लेखी आणि अधिवेशनाच्या बराच आधी द्यावा लागतो. त्याचे भाग पाडलेले असतात. पहिल्या भागात वस्तुस्थिती मांडून ‘हे खरे आहे काय’ असे विचारायचे. पुढचे भाग ‘असल्यास’ या शब्दाने सुरू होतात. म्हणजे पहिल्या भागाला नकार मिळाला की बाकीचे आपोआप गळून पडतात.

कापसाच्या त्या वाईट वर्षांत मी यवतमाळच्या न्यायालयातली वकिली बाजूला ठेवून आमदार झालो होतो. दिवाळीनंतर आमच्या भागातल्या एका सरकारी खरेदी केंद्रावर कापूस घेणे जवळजवळ थांबले. कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर आठवड्यातून एखादा दिवस येई. त्यातच वजनाचा काटा बिघडला. लोक दोन-दोन दिवस गाड्या उभ्या करून कापूस परत नेऊ लागले.

माझी एक जुनी पक्षकार याच केंद्राच्या भरवशावर होती. नवरा वारल्यावर दिराने तिला शेतात पाऊल ठेवू दिले नव्हते; खटला चालवून मी तिचा हिस्सा तिला मिळवून दिला होता. त्या हिश्श्यातला हा तिचा पहिला कापूस. तिच्या एकुलत्या खोलीत तो आढ्याला टेकला होता. कापूस घरात राहिला की अंगाला खाज सुटते, म्हणून मायलेकींनी चूल ओसरीत मांडली होती. गावोगाव फिरून कापूस घेणारा व्यापारी तिच्या दारी येऊन गेला होता. भाव त्याने कमी सांगितला, पण माल पांढराशुभ्र आहे हे कबूल केले.

“इकून टाकू का, वकीलसाहेब?” तिने मला विचारले.

“थांबा, ताई. नागपूरच्या अधिवेशनात मी प्रश्न दिला आहे. उत्तर आले की ग्रेडर रोज येईल.”

“तुमी म्हनता तं थांबतो.”

कुंपणापलीकडून तिचा दीर ओरडला, “इधानसभेत कापूस घेऊन राह्यले का हो साहेब? मंग मायी बी गाडी जुपतो!”

अधिवेशनात माझ्या प्रश्नाचा दिवस उजाडला. छापील यादीत तो अकरावा होता. सहाव्या प्रश्नावर मंत्री आणि विरोधक यांची जुंपली आणि प्रश्नोत्तरांचा तास संपला. उभे राहून उपप्रश्न विचारण्याची संधी गेली. हाती राहिले ते छापील उत्तर. माझा पहिला भाग असा होता: ‘सदर केंद्रावर ग्रेडर नियमित येत नसल्याने व काटा नादुरुस्त असल्याने शेतकऱ्यांना कापूस परत न्यावा लागत आहे, हे खरे आहे काय?’ उत्तर होते, ‘हे खरे नाही.’ पुढच्या तिन्ही भागांसमोर एकच वाक्य: ‘प्रश्न उद्भवत नाही.’

खात्याचा एक अधिकारी बाहेर भेटला. मी कागद त्याच्यापुढे धरला.

“साहेब, काटा आम्ही मागेच दुरुस्त केला. मग सगळं खरं कसं म्हणायचं?”

“आणि ग्रेडर?”

“तेवढंच वेगळं विचारलं असतं, तर ‘होय’ लिहावं लागलं असतं.”

तो चेष्टा करत नव्हता. नियम सांगत होता, आणि तो नियम मला त्याच्याहून चांगला ठाऊक होता. उलटतपासणीत एका प्रश्नात एकच गोष्ट विचारावी. दोन विचारल्या, तर साक्षीदार खोटी असेल ती धरतो आणि खरीला बगल देतो. हे मी कनिष्ठ वकिलांना कितीदा समजावले होते. तरीही सगळे एका वाक्यात कोंबले, कारण वर्तमानपत्रे पहिलाच भाग छापतात आणि तो भरघोस दिसावा असे मला वाटले. मंत्र्यावर चिडण्याची सोयही मी स्वतःला ठेवली नव्हती.

त्याच दिवशी मी तिच्या गावी गेलो. “ग्रेडर येत नाही, ताई. विकून टाका.”

“म्हंजे आपन हारलो?”

मी प्रश्नाचे भाग, उत्तर, सगळे क्रमाने सांगितले. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले.

“कोर्टात तं तुमी माया दिराले एक-एक गोष्ट इचारत होते. मी मांगं बसून कटायून जात होतो. तिथं काहून घाई केली?”

“पेपरात चांगले दिसावे म्हणून.”

मुलीला तिने व्यापाऱ्याकडे पाठवले. तो आला, ढिगात कोपरापर्यंत हात घालून त्याने कापसाचा पुंजका काढला आणि उजेडात धरला.

“पिवळा पडला, बाई. आता तो भाव नाई.”

“त्या दिशी पांढरा होता नं?”

“त्या दिशी देला असता तं त्या दिशीचा भाव भेटला असता.”

माल साठवणुकीने पिवळा पडला, तरी धाग्याची लांबी तीच राहते. हा मुद्दा मांडायला मी पुढे सरकलो. तिने हातानेच मला थांबवले.

“ऱ्हाऊ द्या. मी बोलतो.”

ती बोलली. थोडे तिने चढवले, थोडे त्याने पाडले. गाठोडी बांधायला त्याची माणसे आत शिरली, तेव्हा मी दारातून बाजूला झालो.