काकांच्या स्टुडिओतला निळा रंग

काकांच्या स्टुडिओतली हार्डडिस्क दर दोन महिन्यांनी भरते. मग काका जुनी बारशी डिलीट करतात. किश्श्यांचं तसं करता येत नाही. त्यात मी कमी बोलते, त्यामुळे माझ्याकडचे खर्चही होत नाहीत. म्हणून शेवटी लिहायला बसले.

स्टुडिओ कार्ल्याच्या नाक्यावर आहे. काका पासपोर्ट फोटोपासून लग्नापर्यंत सगळं करतात. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा दादा, कॉलेजात आहे आणि गेमिंगचं चॅनल चालवतो. मी नववीत. शाळा सुटली की तिथंच बसते आणि दादाच्या व्हिडिओंचे रंग बघते, कारण दादाला मोरपंखी आणि हिरवा एकच वाटतो. दारातल्या खुर्चीवर आबा असतात, माझे आजोबा. त्यांचं लक्ष रस्त्यावर कमी आणि आमच्या स्क्रीनवर जास्त!

*

काकांच्या अल्बमची एक ख्याती आहे. लग्न वैशाखात भर दुपारी असलं, तरी फोटोत सगळे गारठलेले दिसतात. नवरा निळसर, नवरी निळसर, भटजी तर पार काकडलेले. उर्स्याचे एक गृहस्थ अल्बम चाळताना म्हणाले, "लग्नात मी घामानं निथळत होतो हो. इथं मला स्वेटर घालावासा वाटतोय!"

काका शांतपणे म्हणाले, "लोणावळ्याची हवा आहे, साहेब. येणारच फोटोत."

*

दादाला एका मोठ्या गेमिंग चॅनलसारखा रंग हवा होता. सावल्या निळ्या, चेहरे नारिंगी. "सोपंय गं," म्हणत त्यानं माझ्या हातून माउस घेतला. तासाभरानं गेममधला सैनिक तसाच राहिला होता, पण त्याच्या पायाखालचं सगळं गवत पिवळंधमक झालं होतं.

आबा उठून आत आले. वाकून बघितलं.

"कुणाचं भाताचं खाचर हाय ह्ये?"

"आबा, गेम आहे तो."

"आसू दे की. युरिया टाकाया सांग त्याला."

दादानं माउस मला परत दिला.

*

तो रंग मलाही जमत नव्हता. निळा वाढवला की चेहरापण निळा व्हायचा. एका रविवारी आम्ही लेण्यांच्या वाटेवर कणसं खायला थांबलो. कणीसवाल्या मावशींनी वर निळी ताडपत्री बांधली होती आणि खाली शेगडीत निखारे होते. त्यांच्या मागचं सगळं निळं, आणि चेहऱ्यावर मात्र निखाऱ्यांचा नारिंगी उजेड!

मी दादाची बाही ओढली. "तुझा रंग."

दादानं मोबाइल काढला आणि डावीकडून, उजवीकडून, गुडघ्यावर बसून फोटो घेत सुटला. मावशींनी थोडा वेळ सहन केलं.

"कणीस घ्याचं तर घे, न्हाईतर सरक. तुला आतिक्रमनवाला समजून शेजारच्यांनी हातगाड्या आवराया घेतल्यात बघ!"

खरंच, तीन गाड्या आवरल्या होत्या.

त्या फोटोवरून मात्र मला कळलं. निळा रंग फक्त सावलीत भरायचा, उजेडाला हात लावायचा नाही.

*

मधल्या काळात आबांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली त्या दिवशी खुंटीवरच्या स्वतःच्या टोपीकडे बघत ते काकूला म्हणाले, "सूनबाई, साबन बदलला व्हय? टोपी लय पांढरी दिसतीय."

काकू खूश. तेवढ्यात आबांनी उजवा डोळा मिटला आणि डाव्यानं बघितलं.

"छ्या! पिवळीच हाय की!"

काकू दोन दिवस आबांशी बोलली नाही.

*

आमचे नवे व्हिडिओ लोकांना आवडले. "एवढा भारी निळा कुठून आणला?" असं लोक विचारायला लागले. नागपूरच्या एका चॅनलवाल्यानं तर थेट दादाला फोन केला. "माझ्या व्हिडिओंवर लावायला गेमचे दहा फोटो करून दे भाऊ, पण निळा हाच पायजे. जमलं तर खाली कलर करणाऱ्याचं नाव टाकतो."

दादानं हो म्हटलं. कलर करणारी मी. वर्गात हजेरी देताना माझा आवाज पहिल्या बाकापर्यंतही पोचत नाही. पण ते नाव खाली दिसावं असं मला फार वाटत होतं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

*

मग दसरा आला. पूजेसाठी कॅमेरे, प्रिंटर, मॉनिटर सगळं पुसायला काढलं. नवीन वस्तूवरचं प्लास्टिक काढायचं नाही, हा काकांचा नियम. रिमोट प्लास्टिकमध्ये, गाडीच्या सीटा प्लास्टिकमध्ये. मॉनिटरच्या काचेवरही दुकानातून आलेला प्लास्टिकचा पातळ कागद सात वर्षं तसाच होता. पुसता पुसता दादानं तो सरळ ओढून काढला. चहासारखा पिवळा झाला होता!

कॉम्प्युटर सुरू केला, तर पडद्यावर सगळी लग्नं निळीशार.

काका ओरडले, "बिघडवलास मॉनिटर!"

मी हळूच म्हटलं, "काका, बिघडलेला दुरुस्त झालाय. पिवळ्यातून बघून आपण सात वर्षं जास्तीचा निळा भरत होतो."

पडद्यावरचा अल्बम बंद करत काका म्हणाले, "उर्स्याच्या साहेबांना कळवायचं नाही."

*

पण आता तो निळा मला येईना. स्वच्छ स्क्रीनवर हात तेवढ्या निळ्यापर्यंत जायलाच धजत नव्हता. नागपूरला तीन फोटो पाठवले, तिन्ही परत आले. "पयल्यासारखी मजा नाही भाऊ." चौथाही असाच आला तर काम दुसऱ्याला देणार, असंही तो म्हणाला. प्लास्टिक घंटागाडीतून केव्हाच गेलं होतं.

मी रडवेली होऊन बसले होते. दारात आबा डोक्यावरची टोपी काढून झटकत होते. मला काकूचा साबण आठवला.

"आबा, इकडे या. उजवा डोळा मिटा."

त्यांनी मिटला. डाव्यानं स्क्रीन बघितली. "लय पिवळं हाय, पोरी."

मी निळा वाढवला.

"आजून."

वाढवला.

"आजून थोडं... हां! आता ब्येस!"

दादाला ते इतकं निळं दिसलं, की तो म्हणाला, "आबा, नक्की?" आबा म्हणाले, "तू गप. तुला मोरपंखी कळत न्हाई."

नागपूरहून दहा मिनिटांत उत्तर आलं. "हाच! हाच पायजे होता!"

*

सहा फोटो झाले. मग काका आणि मी आबांना घेऊन तळेगावला तपासणीला गेलो. डॉक्टरांनी डावा डोळा बघितला आणि म्हणाले, "हा आता चांगला पिकलाय. परवा सकाळी करून टाकू."

"परवा न्हाई जमायचं," आबा म्हणाले. "चार फोटू राह्यल्यात."

"कसले फोटो?"

"गेमचे. कलरचं समदं काम ह्याच डोळ्यावर हाय. एकदा नातीचं नाव येऊ द्या, मग काढा तुमचा मोतीबिंदू!"

डॉक्टरांनी काकांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग टॉर्च पेटवली आणि आबांचा ऑपरेशन झालेला उजवा डोळा पुन्हा एकदा तपासला.