सुधाकरचा मांडव

आज सकाळी सुधाकर गेला. कळलं तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला, चला, आता ह्याचं नवीन एक्झिबिशन बघायला जावं लागणार नाही.

रडू नंतर आलं.

आम्ही दोघंही शिल्पकार. एकाच वर्गात शिकलो, एकाच डब्यातलं खाल्लं. पुढे मी नाशकात नेत्यांचे पुतळे करायला लागलो. हा निफाडचा, द्राक्षबागायतदाराचा मुलगा. ह्याने काय करावं?

लोखंडी अँगल, बागेची तार, कांद्याच्या गोण्या, प्लास्टर. एवढ्यातून गंगापूर रोडच्या एका गॅलरीत अख्खा द्राक्षाचा मांडव उभा केला. एकही घड नाही. तारा मुद्दाम ढिल्या सोडलेल्या.

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट.

ओपनिंगला त्याचे वडील, अण्णा, गावाहून आले. बाजूला "हात लावू नये" अशी पाटी. अण्णांनी मांडव खालून-वरून पाहिला, खिशातून पक्कड काढली आणि सरळ तार आवळायला घेतली.

"लय ढिली सोडली रे. घड भरले का सगळा मांडव खाली येईन."

गॅलरीवाल्या बाई धावत आल्या. सुधाकरने त्यांना अडवलं.

"आवळू द्या मॅडम. त्यांचं बरोबर आहे."

आणि स्वतः तारेचं दुसरं टोक धरून उभा राहिला.

मी जळून खाक झालो.

माझे वडील माझ्या पुतळ्याच्या अनावरणाला आले होते, तेव्हा "चहा कुठंय?" एवढंच म्हणाले. माझ्या कामाला लोक हात लावतात ते जयंतीला, हार घालायला.

"कसं वाटलं रे?" सुधाकरने मला विचारलं.

"वेल्डिंग चांगलंय," मी म्हणालो.

तो खो खो हसला. "एवढा जळू नको, प्लास्टर तडकेल."

मग त्याची मुंबई झाली, दिल्ली झाली. दर वेळी आठवणीने कार्ड पाठवायचा. दर वेळी मी जायचो आणि लाइटिंगची तारीफ करून परत यायचो.

मागच्या महिन्यात दवाखान्यात गेलो ते ठरवूनच, की आज सांगायचंच. तासभर बसलो. बोललो काय, तर तिथल्या पार्किंगबद्दल.

सुधाकर, तो मांडव मला सात जन्मांत जमला नसता. मला तुझ्यासारखं काम करायचं होतं. आणि अण्णांसारखा बाप हवा होता, तेही लिहून टाकतो.

सकाळपासून तुझ्यावर किती जणांनी पोस्ट टाकल्यात, तेसुद्धा मोजून झालंय माझं.

भावपूर्ण श्रद्धांजली, मित्रा.

भाव कोणता, ते तुला पहिल्यापासून ठाऊक होतं.