हिरव्या लुगड्यातली

लग्न होऊन मी महाडहून पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीत आले, तेव्हा त्या घरात माझ्याआधी एक बाई राहत होती. दारातून आत पाऊल टाकलं की समोरच्याच भिंतीवर. हिरवं लुगडं, नाकात नथ, हातात निरांजनाचं तबक, आणि पुढ्यात खाकी कपड्यांतला फेटेवाला शिपाई. ती त्याला ओवाळत होती आणि हसत होती. पहिल्या लढाईच्या वेळी सरकारनं असली चित्रं गावोगावच्या चावड्यांवर डकवली होती, तरण्या पोरांनी पलटणीत नाव घालावं म्हणून. लढाई संपली आणि बाकीची चित्रं पावसात वाहून गेली. आमच्या ह्यांनी मात्र आपलं चित्र काच लावून जपलं होतं.

मी महाडच्या बाजारात वाढलेली, मराठी चौथी शिकलेली. कागदाच्या बाईवर जळावं इतकी काही मी खुळी नव्हते. पण जळले. सरळच सांगते, अगदी पोटभर जळले.

ह्यांची आई ह्यांना समजायच्या आतच गेली. बहीण नाही. चुलत्याच्या घरी वाढले. भाऊबीजेला चुलतभाऊ पाटावर बसायचे, तेव्हा ह्यांना गुरं घेऊन माळावर पाठवायचे. अशा पोरानं चावडीवर ती बाई पाहिली.

"ती माज्याकडंच बगून हसत व्हती गो," हे मला म्हणाले. "मला वाटलं, आपल्याला ओवाळून धाडणारं बी कुनीतरी हाय."

एवढ्यावर हा माणूस समुद्रापार बसऱ्याला जाऊन लढून आला! आणि परत आल्यावर पहिलं काम कोणतं, तर चावडीवरच्या पट्टेवाल्याच्या हातापाया पडून त्याच्याकडे उरलेलं, न डकवलेलं एक चित्र मिळवलं आणि महाडला जाऊन त्याला काच लावून घेतली. बायको त्यानंतर आणली.

दिवाळी होऊन नाचणी घरात आली की हे मुंबईला गोदीत कामाला जायचे. दासगावच्या बंदराकडे निघायच्या दिवशी मी ओवाळायला उभी राहायची आणि माझं रडं काही थांबायचं नाही. नाक लाल, पदर ओला. हे माझ्याकडे बघायचे, मग भिंतीकडे बघायचे. "बग, ती कशी हसून धाडते. मानसाचं पाय हलकं व्हतात."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला जायची. "तिला काय जातंय हसायला?" मी म्हणायची. "तो परत नाही आला तर तिची कुठली चूल विझणार आहे?"

एका साली मी मुंबईहून हिरवं लुगडं आणायला सांगितलं. मुद्दामच सांगितलं. ह्यांनी जांभळं आणलं. हिरवं का नाही, विचारलं तर म्हणाले, "हिरवं तिला शोभतं. तुला ह्येच बरं." मनात काही नव्हतं हो त्यांच्या, भोळा माणूस. पण त्या दिवसापासून मी हिरव्या रंगाचं नाव टाकलं. पुढे दिवस राहिले तेव्हा ओटीत आलेलं हिरवं लुगडंसुद्धा मी घडी न मोडता चुलत जावेला देऊन टाकलं. डोहाळे पुरवून घ्यायचं सोडून ही असली अढी धरून बसले म्हणून जाऊ मला खूप हसली.

ह्यांना अक्षरओळख नव्हती. चित्राच्या खाली काही छापलेलं होतं, ते त्या बाईचेच बोल असणार अशी त्यांची समजूत. एकदा म्हणाले, "वाच की गो, काय म्हनते ती." मी तर वाटच बघत होते. पगार वाचला, फुकट जेवण-कपडे वाचले, नाव कुठं घालायचं ते वाचलं, आणि शेवटी शूर पोरांनी रणावर जावं, हेही वाचलं.

"आनि?"

"आणि काही नाही. जा म्हणते. ये म्हणतच नाही कुठं."

आपल्याकडे घराबाहेर पडणारा 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. चुकून तोंडातून निघालं तर घरातलं माणूस त्याला तिथंच अडवतं आणि 'येतो म्हण' म्हणून सांगतं. निघालेल्याला तोंडावर 'जा' म्हणणारी ही कसली घरची बाई! हे उठून ओटीवर जाऊन बसले. मला वाटलं, जिंकले मी. सकाळी बघते तर धोतराच्या सोग्यानं तिची काच पुसताहेत.

त्याच भिंतीखाली आमचा मुलगा रांगला, उभा राहिला, ह्यांच्या खांद्याला लागला. बाप निघताना भिंतीकडे बघतो म्हणून हाही शाळेला निघताना भिंतीकडे बघायचा. मी दशमीचं फडकं घेऊन बाजूला उभी. दुसरी लढाई सुरू झाली आणि एके दिवशी हा महाडला मीठ आणायला गेला, तो पलटणीत नाव घालूनच परत आला. ना मला विचारलं, ना बापाला. मी त्याला काही बोलले नाही. त्या भिंतीकडे तोंड करून मात्र काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तो निघायच्या दिवशी मी तबक घेऊन बाहेर आले, तर चित्राचं तोंड भिंतीकडे. ह्यांनीच उलटं केलेलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "आज तू हायस ना. तिचं काय काम?"

या एका वाक्यासाठी मी सगळा संसार वाट पाहिली होती, आणि ते ऐकलं तेव्हा पोटचा पोर पाटावर बसला होता. अंगावर माझं तेच जांभळं लुगडं, विटलेलं, पदराला ठिगळ. माझं रडं सुरू झालं. पोरानं मान वर केली.

"आये, रडू नको गो. माजा पाय निघायचा नाय. ती हसते तशी हस की जरा."

तिचं हसणं मला तोंडपाठ होतं. इतकी वर्षं दुसरं काय बघितलं होतं मी? हसले. अगदी तशीच हसले. तो "जातो" म्हणाला, मी "येतो म्हण" म्हटलं, तो "येतो" म्हणाला आणि उतरणीला लागला.

पुढच्या शिमग्याला तो रजेवर आला. काळवंडला होता, पण हातीपायी धड होता. मी चुलीवरची गरम भाकरी त्याच्या ताटात टाकत होते. चित्र अजून उलटंच होतं, आणि त्यानं त्याची चौकशीसुद्धा केली नाही. मला केवढं बरं वाटलं म्हणून सांगू!

"तिकडं माजी आठवण यायची का रे?" मी विचारलं.

"रोज यायची," तो म्हणाला. "डोळं मिटलं की तूच समोर हुबी. तबक घेऊन, हसत, त्या हिरव्या लुगड्यात."

मी दुसरी भाकरी थापायला घेतली. हिरवं लुगडं मी उभ्या जन्मात नेसले नव्हते.