बर्फाच्या गावातली शेगडी

न्युरेम्बर्गच्या मराठी मंडळातली पोरं मागे लागली, काका, फौजेतला एखादा थरारक किस्सा लिहून द्या. थरारक म्हणजे त्यांना गोळीबार हवा. गोळीबार मी पाहिलाय, पण त्यावर लिहायची मला हौस नाही. मी लिहिणार थंडीवर. ज्याला कंटाळा येईल त्याने खुशाल पान उलटावं.

मी निवृत्त सुभेदार. नोकरीतले दोन हिवाळे मी उत्तरेकडच्या बर्फातल्या पोस्टवर काढले, आणि दोन्ही वेळा स्वतः नाव देऊन गेलो. पहिल्यांदा वर चढताना आमचं सामान वाहणाऱ्या लडाखी पोर्टरने मला विचारलं होतं, "साब, नीचे गर्मी से कोई दुश्मनी है क्या?" त्याचा जन्म तिथला. त्याला पगार घेऊन वर यावं लागत होतं, आणि हा खालचा माणूस आपणहून येतोय, हे त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं. मला तेव्हा त्याचं हसू आलं होतं.

तोच प्रश्न परत ऐकायला मिळाला तो जर्मनीत. आमची मानसी आणि जावई तेजस आधी एश्बॉर्न शहरात होते. चांगलं ऑफिस, दारात एस-बानची लोकल, शेजारीपाजारी मराठी माणसं. ते सगळं सोडून दोघांनी झेक सीमेजवळच्या डोंगरात घर घेतलं. का, तर मानसीला घरून काम करता येतं आणि तिथली हवा चांगली. त्या भागाला तिथलेच लोक 'बव्हेरियाचा सायबेरिया' म्हणतात. आम्ही नवरा-बायको तिच्या बाळंतपणाला गेलो, तेव्हा सगळं गाव पांढरंफटक पडलं होतं.

आम्ही जिथे जाऊ तिथे एकच शब्द कानावर यायचा. बेकरीतली बाई पाव बांधता बांधता म्हणाली, "फ्रायविलिष?" पोस्टमन म्हणाला, "फ्रायविलिष?" म्हणजे आपणहून? कुणी बदली केली नाही, शिक्षा दिली नाही, तरी इथे? शेजारचे गेओर्ग तर हात जोडायचे बाकी होते. चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, माझ्याच वयाचा दणकट गडी. त्यांची दोन्ही मुलं म्युनिकला पळालेली. मोडक्या इंग्रजीत ते म्हणाले, "आमची पोरं इथून जातात. तुमची पोरं भारतातून येतात. काहीतरी चुकतंय."

मी म्हणालो, "मी बर्फात नोकरी केलीय."

"फ्रायविलिष?"

"येस सर."

त्यांनी कपाळावर हात मारला. त्या दिवसापासून आमची गट्टी जमली. रोज सकाळी दोघं मिळून फूटपाथवरचा बर्फ काढायचो. तिथे आपल्या दारापुढचा बर्फ आपणच काढायचा, नाहीतर कुणी घसरून पडलं तर आपल्याला निस्तरावं लागतं.

आमच्या सौभाग्यवतींचं आणि गेओर्गचं मात्र जमेना. जर्मन माणूस कितीही थंडी असो, दिवसातून दोनदा खिडक्या सताड उघडतो. खोलीतली हवा बदलायलाच हवी, हा त्यांचा धर्म. गेओर्ग आमच्या बंद खिडक्या बघून मान हलवायचे. सुनंदा भडकायची. "अहो, त्या बाबाला सांगा, बाळंतिणीच्या खोलीत वारं सोडतात होय? पोरीच्या हाडात थंडी शिरली तर जन्माचं दुखणं!" ती रोज अंगणातल्या ग्रिलवर चार कोळसे फुलवायची, मातीच्या ताटलीत घेऊन त्यावर ओवा टाकायची आणि बाळाला न् बाळंतिणीला धुरी द्यायची. तेवढ्यापुरती मी खिडकीची फट उघडी ठेवायला लावायचो. कुरकुरत का होईना, ती ऐकायची.

बाळ तीन आठवड्यांचं होतं तेव्हाची गोष्ट. रात्रभर वादळ झालं होतं. सकाळी वीज गेली आणि विजेवर चालणारं हीटिंग बंद पडलं. तेजस आदल्या दिवशी न्युरेम्बर्गला गेला होता तो तिथेच अडकला. मी आणि गेओर्ग समोरच्या बाजूला फावडी घेऊन उभे. गुडघ्याच्या वर बर्फ. गेओर्ग आपल्या कुंपणावरून मागे डोकावून आले आणि हसत म्हणाले, "तुमच्याकडे आज ग्रिल पार्टी? या हवेत?"

"कसली पार्टी?"

"तुमची बायको मघाशी ग्रिल पेटवत होती. भरपूर कोळसा."

मी फावडं टाकलं आणि मागे गेलो. ग्रिल उघडं आणि गरम. आत एकही निखारा नव्हता. ग्रिलपासून बैठकीच्या दारापर्यंत सुनंदाच्या पायांचे ठसे, आणि मध्ये जिथे तिने बादली टेकवली होती तिथे बर्फ वितळून गोल खड्डा पडलेला.

खरं सांगतो, फौजेत इतकी वर्षं काढली, पण तेव्हा घाबरलो तसा कधी घाबरलो नव्हतो. मी ओरडलो, "गेओर्ग! कम! फास्ट!"

बाळंतिणीच्या खोलीचं दार बंद. आतून फटीत टॉवेल कोंबलेले. खांदा देऊन ढकललं. आत छान ऊब होती आणि ओव्याचा मंद वास. पलंगाशेजारी पत्र्याची बादली, काठोकाठ लालभडक निखारे. धुराचा मागमूस नाही. छतावरचा स्मोक अलार्म म्हणूनच गप्प होता. धूर असता तर माणूस खोकतो, पळतो. पण बंद खोलीत निखाऱ्यांतून सुटणारा विषारी वायू, कार्बन मोनॉक्साइड, दिसत नाही आणि त्याला वासही नाही. मानसी कुशीवर झोपलेली, तिच्या पोटाशी बाळ. सुनंदा खाली गालिच्यावर पलंगाला टेकून बसलेली. मान एका बाजूला गेलेली.

"अहो, डोकं जरा जड झालंय," ती जिभेत जीव नसल्यासारखं म्हणाली. "हळू. झोपल्यात दोघी."

"उठ. बाहेर."

"अहो पण..."

"सुनंदा, बाहेर! ऑर्डर आहे!"

बाळ उचललं आणि दारात गेओर्गच्या हातात दिलं. त्यांनी काही न विचारता कोटाची चेन उघडली, बाळ छातीशी धरलं आणि सरळ बाहेर बर्फात गेले. मी खिडकीचं हँडल फिरवलं. मूर्खासारखं वर फिरवलं, तर खिडकी नुसती वरून आत कलली. आडवं फिरवल्यावर सताड उघडली. मग मानसीच्या काखेत हात घालून तिला ओढत अंगणात आणलं. सुनंदा भिंत धरत मागून आली आणि पायरीवर बसली.

"मानसी! डोळे उघड. माझ्याकडे बघ."

काही नाही. मी तिच्या गालावर चापट मारली. लहानपणी कधी मारली नव्हती. तिने डोळे उघडले, माझ्याकडे अनोळखी नजरेने पाहिलं आणि बर्फात ओकली. मला इतका आनंद झाला की काय सांगू.

बाळ मात्र रडत नव्हतं. गेओर्ग त्याच्या तळपायाला टिचक्या मारत होते आणि तिथल्या फ्रँकिश बोलीत काहीतरी पुटपुटत होते. प्रार्थना होती की शिव्या, देव जाणे. सुनंदाने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. आणि मग पोरीने टाहो फोडला. असा सणसणीत की पलीकडच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं. मी तिथेच बर्फात बसलो. गेओर्ग म्हणाले, "गेनाऊ! श्राय, श्राय!" असंच! रड, रड. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते हसत होते.

त्यांच्या घरवालीने फोन केलाच होता. गावची अग्निशमन टोळी बर्फ हटवणाऱ्या गाडीमागून आली. सुतार, शिक्षिका, बेकरीवाल्या बाईचा नवरा. सगळे बिनपगारी, आपापली कामं टाकून आलेले. त्यांचं हवा मोजायचं यंत्र खोलीत नेताच किंचाळायला लागलं. ऑक्सिजन लावला, तिघींना हॉस्पिटलात नेलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, तिघीही ठीक, घरी जा. अग्निशमन टोळीचा प्रमुख त्या सकाळी जाताना मला म्हणाला होता, "आणि तुम्ही इथे आपणहून आलात!" मी म्हणालो, "तुम्हीही आपणहूनच आलात की." त्याने माझी पाठ थोपटली.

दोन दिवसांनी सकाळी सुनंदाने स्वतः उठून खिडकी सताड उघडली आणि कुंपणापलीकडच्या गेओर्गना बेसनाचा लाडू नेऊन दिला. तिच्या आईने, आजीने हेच केलं होतं. पण त्यांच्या घरांना कौलं होती, सगळीकडून वारा यायचा. या घराला रबराची सीलं.

मानसीने मला विचारलं, "बाबा, तुम्हाला बादलीच्या खुणेवरून एवढं कसं कळलं?"

तेव्हा तिला हनमंतबद्दल सांगितलं. घरात आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. नाईक हनमंत, माझा बडी, म्हणजे फौजेतला जोडीदार. त्या दुसऱ्या हिवाळ्यात त्यानेही माझ्याबरोबर नाव दिलं होतं. तो आणि एक शिपाई वरच्या पोस्टवर होते. सकाळी मी खालून वायरलेस सेटवर बोलावलं; त्यांची पोस्ट टू, आमची वन.

"टू, वन. रेडिओ चेक. ओव्हर."

उत्तर नाही.

"टू, वन. हनमंता, उठ रे. ओव्हर."

आम्ही दोर बांधून वर गेलो. रात्रीच्या बर्फाने रॉकेलच्या बुखारीचं, म्हणजे शेगडीचं, धुराडं बुजलं होतं. हट आतून उबदार होती. दोघं स्लीपिंग बॅगमध्ये, गाल लाल, तब्येत सुधारल्यासारखे. गोळी नाही, शत्रू नाही, त्याच वायूने दोघंही गेले होते. त्यानंतर आमच्या पलटणीत झरोका उघडा आहे की नाही ते बघायला वेगळा सेंट्री असायचा.

हनमंतच्या बायकोला, शालन वहिनींना, मी दर वर्षी त्या दिवशी फोन करतो. माणदेशातल्या आपल्या गावी त्या एकट्या राहतात. दर वर्षी त्या एकच विचारतात, "भावजी, त्यांना तरास झाला का वो?" मी 'नाही' म्हणतो. पण मला काय ठाऊक? मी सकाळी पोचलो होतो.

या वर्षी मी त्या दिवसाची वाट पाहिली नाही. पोरी हॉस्पिटलातून आल्या त्याच आठवड्यात फोन लावला. सगळं सांगितलं. म्हणालो, "वहिनी, हनमंतामुळे माझ्या घरातल्या तिघी वाचल्या."

त्यांनी विचारलं, "पोरीला तरास झाला का वो?"

"नाही, वहिनी. मी तिला नीट विचारलं. दुपारी जेवून डोळा लागावा तसं झालं, म्हणाली. काही दुखलं नाही, घाबरायलासुद्धा झालं नाही."

"म्हंजी यांनाबी..."

"त्यालाही काही कळलं नसणार. या वेळी मी खात्रीने सांगतोय."

त्या रडल्या. रडून झाल्यावर मोकळा श्वास घेतल्याचं मला इकडे ऐकू आलं.

"बरं झालं सांगितलंत, भावजी," त्या म्हणाल्या. "इतकी वर्सं मला वाटायचं, त्यांनी हाका मारल्या असतील आन् कुनी आलं नसंल."