दगडाबाईंचे चोवीस व्होल्ट

पंधरा वर्षं वायरी जोडणाऱ्या बाईला कंपनी अजून 'हेल्पर'च म्हणते, हे पटतं का तुम्हाला? बजाजनगरच्या त्याच दगडाबाईंनी नवऱ्यासाठी, काकासाहेबांसाठी, घरी बॅटरीचे व्होल्ट बदलणारा कन्व्हर्टर जुळवला. काकासाहेबांचं ऑक्सिजनचं मशीन बॅटरीवर चालायला चोवीस व्होल्ट लागायचे. छोट्या मायक्रोकंट्रोलर चिपनं सिरियलच्या, म्हणजे निरोप नेणाऱ्या, वायरींवरून कन्व्हर्टरला तसा हुकूम द्यायचा होता. दुपारी दोनला लाईट जाणार होती. पावणेदोन झाले, तरी मीटरवर शून्यच.

"पिवळीला पिवळी, हिरवीला हिरवी, कंपनीत लाईनवर जोडते तसंच जोडलंय की!" त्या वैतागल्या. "दोन्हीकडं पिवळी बोलायची, हिरवी ऐकायची."

नाकात नळी असलेले काकासाहेब हळूच म्हणाले, "मंग दोघंबी पिवळीवरच बोलायलेत. ऐकायलंय कोण? लई आपल्यासारखं झालं."

"तुम्ही गप पडा, दम लागंल," म्हणत त्यांनी एका टोकाच्या दोन वायरींची अदलाबदल केली. मीटर चोवीसवर गेला. दोनला पंखा थांबला, मशीन मात्र घरघरत राहिलं. दगडाबाई त्यांच्या छातीवर हात ठेवून बराच वेळ बसून राहिल्या.

तुमच्याही घरी असं मशीन असेल, तर लाईट जायच्या आधी ते एकदा बॅटरीवर चालवून बघा. आजच बघा.